केळीचं पान खाणारं भूत

"वाजलं! परत वाजलं!" लवू धापा टाकत ओट्यावर आला. "दाराला कान लावून ऐकलं मी. खर्रर्र... खर्रर्र... आत कुणीतरी नखांनी जमीन उकरतंय!"

"द्रौपदीमावशी," शेजारची सुगंधा पुटपुटली आणि तिनं पाय वर ओढून घेतले.

उत्तरा ओळीतल्या शेवटच्या दाराकडे बघत होती. मे महिन्यातली भर दुपार होती. घाटकोपरच्या डोंगराखालची बैठी चाळ उन्हात गप्प पडली होती. ओळीतली शेवटची खोली द्रौपदीमावशींची. गेल्या पावसाळ्यात मावशी वारल्या आणि दाराला कुलूप लागलं. खिडकीच्या फटीतून आतल्या दोरीवर त्यांचं लुगडं अजून दिसायचं. हल्ली वारा नसतानाही ते कधीकधी हलायचं. आणि काल तर दाराखाली केसांचा पुंजका सापडला होता. पांढराशुभ्र. मावशींच्या केसांसारखा.

"तू घाबरलीस का गं?" लवूनं उत्तराला विचारलं. लवू उत्तराचा आतेभाऊ. सुट्टीसाठी मानखुर्दहून आला होता.

"नाही. मला शंभूची आठवण येतेय."

शंभू म्हणजे उत्तराचा पांढरा ससा. महिन्याभरापूर्वी मामानं बाजारातून आणून दिला होता. पण त्यानं घरात नुसता धुमाकूळ घातला! बाबांच्या चपलेचा अंगठा कुरतडला, तुळस मुळासकट उकरली, आणि एका रविवारी ऐन सिनेमात टीव्हीची वायर तोडली. आई ओरडली, बाबांनी हात उगारला. उत्तरानं त्याला खोक्यात कोंडलं, तर त्यानं खोकंच खाल्लं! शेवटी दहा-बारा दिवसांपूर्वी बाबा म्हणाले, "दिंडोशीला माझ्या मित्राची बाग आहे. तिथं ठेवलाय त्याला." उत्तराला निरोपही घेता आला नव्हता.

तेवढ्यात गुणाजीआजोबा किल्ली घेऊन आले. ते सुगंधाचे आजोबा. चाळीत देवापुढं, पितरांपुढं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. काल दुपारी त्यांनी मावशींसाठी वाडी ठेवली होती: केळीच्या पानावर भाताची मूद, वडे आणि काळ्या वाटाण्यांची आमटी. दाराच्या आत पान ठेवायचं, हात जोडायचे आणि परतायचं. मागं वळून बघायचं नाही! सगळी मोठी माणसं तोंड फिरवून निघून गेली होती.

आजोबांनी कुलूप काढलं. दार करकरलं. आतून थंड, मातकट वास आला.

भाताची मूद तशीच होती, वाळून टणक झालेली. वडेही तसेच. आणि केळीचं पान? मधली जाड शीर तेवढी उरली होती!

"भात तसोच रवलो, आणि पान खाल्लान!" आजोबांचा आवाज चिरकला. त्यांनी घाईघाईनं दार ओढून घेतलं. "मावशी खवळली हा. मागच्या भिंतीखाली बीळ पडलाहा, थयसूनच तिची ये-जा. आज सांजेक सिमेंट घालून बुजवूया."

आजोबा गेले.

"यार, भुताला वडे आवडत नाहीत?" लवू म्हणाला. "मी मेलो ना, तर आधी वडे खाईन!"

"गप रे! मेल्याच्या गोष्टी कसल्या करतोस?" सुगंधानं त्याला चापट मारली.

"थांबा," उत्तरा म्हणाली. "मोठ्या माणसांनी मागं वळून बघायचं नसतं. आपण बघू या ना! सुगंधा, तुझ्या आईची रांगोळी आण."

तिघं चाळीच्या मागं गेली. उन्हात रानतुळस वाळली होती. मावशींच्या भिंतीच्या पायाशी बीळ होतं, आणि बाहेर ताज्या लाल मातीचा ढीग. सुगंधानं बिळासमोर रांगोळी पसरली. मग तिघं पाण्याच्या पिंपामागं दबा धरून बसली. ऊन कललं, सांज होत आली. लवूचे पाय बधिर झाले, सुगंधा मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती.

सळसळ झाली. गवतातून काहीतरी पांढरं झेपावलं आणि बिळात गडप झालं!

"के-केस!" सुगंधा किंचाळली आणि तिनं डोळे गच्च मिटले. "मावशीचे केस पळत गेले!"

ती ओरड ऐकून गुणाजीआजोबा धावत आले. मागोमाग उत्तराचे बाबा काशीराम सिमेंटचं घमेलं घेऊन आले, आणि तिची आई सुलक्षणा पाण्याची बादली घेऊन. आजोबांनी रांगोळीवरचे ठसे पाहिले आणि ते दोन पावलं मागं सरले.

"बघा! मोठी पावलां फुडे, बारकी मागे. उलटी पावलां! भुताचीच! काशीराम, घाल सिमेंट!"

घमेलं तिरपं झालं. तशी उत्तरा धावली आणि बिळाच्या तोंडावर मांडी घालून बसली!

"उठ गं! वेड लागलंय का?" आई ओरडली.

"नाही उठणार! ससा पळतो ना, तेव्हा त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढं पडतात. शंभूचे असे ठसे मी रोज पुसलेत, ओल्या फरशीवरचे!" तिनं बाबांकडे पाहिलं. "पण बाबा, शंभू तर दिंडोशीला आहे ना?"

बाबांनी घमेलं हळूच खाली ठेवलं.

"नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "ड्युटीला उशीर होत होता. इथंच चाळीच्या मागं सोडला. म्हटलं, डोंगर आहे, गवत आहे, जगेल. तुला खोटंच सांगितलं."

"आणि आता त्याला पुरणार होतात?"

लवू आजोबांसमोर उभा राहिला. "आजोबा, किल्ली द्या. भूत निघालं तर मला खाऊ दे. वडे तसेही त्याला आवडत नाहीत!"

पुन्हा दार उघडलं. या वेळी आईनं कंदील पेटवून आणला. सगळे वाकून खाटेखाली बघू लागले. जमीन खोल उकरलेली होती. मावशींच्या लुगड्याचा लोंबता काठ कुरतडून खाली ओढलेला होता. त्या चिंध्यांवर पांढऱ्या लोकरीचा ढीग होता, आणि शेजारी शंभू, कान मागं टाकून, छाती उघडी पडलेला.

"ह्याचे केस कुणी उपटले?" सुगंधा कुजबुजली.

लोकर हलली. आतून बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं काहीतरी वळवळलं.

"अगो बाई!" आई मटकन खाली बसली. "ही बाळंतीण आहे! बाजारातून आली तेव्हाच पोटुशी असणार! स्वतःचे केस उपटून अंथरलेत तिनं! आपण तिला शंभू शंभू म्हणत होतो!"

"म्हणून ती उकरत होती!" उत्तरा म्हणाली. "तिला घर करायचं होतं, आणि आपल्याकडं नुसती फरशी!"

"आणि सशाचे दात वाढतच राहतात," लवू म्हणाला. "शाळेच्या पुस्तकपेटीत वाचलं होतं मी. कुरतडायला काही दिलं नाही तर वायरच खाणार ना!"

गुणाजीआजोबांनी लुगड्याच्या फाटक्या काठावरून हात फिरवला. मग त्यांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरांनू, तुम्ही वळून बघितल्यात म्हणून पाप टळला. आमी म्हातारे नुसते हात जोडून पळालो." त्यांनी डोळे पुसले. "खोली आता मावशीच्या भाच्याची, तेका मी सांगतंय. पिल्लां मोठी होयपर्यंत ही खोली हिची."

"शाब्बास गं पोरी!" आई म्हणाली. "आज तू नसतीस तर..."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी घेतली. शंभूला पुढं घरी आणायचं म्हणून त्यांनी फळ्यांचं खोकं ठोकलं आणि उकरायला त्यात मऊ माती भरली. लवूनं पेरूच्या फांद्या आणल्या, सुगंधानं गवत. तुळशीभोवती विटा रचल्या. मग बाबा स्टुलावर चढून टीव्हीची वायर भिंतीवर ठोकू लागले. उत्तरा खाली खिळे धरून उभी होती.

"अजून रागावलीयस?" त्यांनी वळून न बघताच विचारलं.

"हो."

"बरं." त्यांनी खिळा ठोकला.

उत्तरानं पुढचा खिळा त्यांच्या हातात दिला.

"वायर अजून वर घ्या, बाबा. ती मागच्या पायांवर उभी राहते."