पूजेनंतरची गोळी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा फौजदार अर्पिता लोमटे यांच्या हातात चहाचा कप होता. पलीकडून डॉक्टरीणबाई बोलत होत्या.

"बेंबळी गावची पेशंट आहे. वाचली कशीबशी. पण शुद्धीवर आल्यापासून एकच म्हणतेय, मला घरी पाठवू नका, तिथं कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय. बाहेर तिचा भाऊ सासूच्या अंगावर धावून गेला. तुम्ही या."

चहा तसाच राहिला.

धाराशिवच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. पेशंटचं नाव शिवरंजनी. वय तेवीस. पदरात एक मुलगी.

"दीड वर्षापूर्वी सिझर झालं तेव्हा एवढं रक्त गेलं की आम्ही आशा सोडली होती. तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, असं नवऱ्यासमोर बजावलं होतं. तरी राहिले. आणि गर्भ रुजला तो नेमका जुन्या टाक्यांवर. काल तिथंच फाटलं."

"काळजी घेतली नाही?"

"गर्भ न राहण्याच्या सरकारी गोळ्या चालू होत्या. नियमित घेतल्या तर त्या सहसा दगा देत नाहीत. नियमितच घेतल्या, असं ती शपथेवर सांगते."

"मग?"

"ते तुम्ही शोधा. नवरा आजच घरी न्यायचं म्हणतोय. मी सही दिलेली नाही. पण किती दिवस अडवणार? अन् यानंतर पुन्हा दिवस राहिले, तर ती वाचणार नाही."

म्हणजे प्रश्न एकच होता आणि तो वाईट होता. या पोरीला कुणाच्या घरात पाठवायचं?

शिवरंजनीचा चेहरा उशीच्या अभ्र्याइतका पांढरा पडला होता. गळ्यातल्या चांदीच्या लिंगाच्या डबीवर तिची मूठ घट्ट होती.

"गोळी कधी घेत होतीस?" अर्पिताबाईंनी विचारलं.

"सकाळी. लिंगपूजा झाली की. आमच्यात पूजेबिगर तोंडात घोटभर पाणी घालत न्हायत. म्हणून तवाच घ्यायचं ठरवलं. पूजा चुकत न्हाय, तर गोळी बी चुकायची न्हाय."

"एकदाही चुकली नाही?"

ती घुटमळली. "एकदा. माहेरी तामलवाडीला लगीन हुतं, पाकीट घरीच राहिलं. परत आले अन् रडलेच. ह्यांनीच समजूत काढली. नर्सबाईंना इचारून आले. तवापासून पाकीट ह्येच सांभाळत्यात. पूजा झाली की गोळी अन् पाण्याचा तांब्या हातात आणून देत्यात."

"सासूबाईंना ठाऊक होतं?"

"न्हाय! त्यांना नातू पायजे. कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं." तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, त्या मला रोज काढा देत्यात. कसला, ते सांगत न्हायत. ह्या चार-सहा महिन्यांत शौचाला बी काळंच हुतंय. त्या काढ्यातच काय तरी हाय."

बाहेर तिचा नवरा बसवेश भिंतीला टेकून उभा होता. कपाळावर विभूती, डोळे रडून सुजलेले, हातात स्कूटरची चावी. तिचा भाऊ मल्लिनाथ त्याच्या खांद्यावर हात ठेवून होता.

"दाजी देवमाणूस हाय, मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. "बायकूला हातात गोळी देणारा नवरा बघितलाय का कुठं? त्या म्हातारीला आत टाका."

बसवेशनं मान खाली घातली. "आई हाय, कसं बोलू? पण अव्वाच्या काढ्यानं गोळीचा गुण जात आसंल का, मॅडम?"

पोटचा मुलगा आईवर संशय घेतो तेव्हा तो खरा मानायची घाई सगळ्यांनाच होते. अर्पिताबाईंनाही झाली. त्यांनी सासूला, शांताक्काला, जीपमध्ये बसवलं आणि बेंबळी गाठली.

घर नीटनेटकं होतं. ओसरीवर शेजारीण शिवरंजनीच्या मुलीला खेळवत बसली होती. चुलीशेजारी पितळी पातेल्यात काळपट काढा होता. अर्पिताबाईंनी वाकून त्याचा वास घेतला.

"यात काय आहे?"

"सुंठ, ओवा, बाळंतशोपा, काळा गूळ."

"सुनेला का सांगितलं नाही?"

"सांगितलं तर पीत न्हाय. गुळाचा तिला कंटाळा." म्हातारीनं पातेलं उचललं, तोंडाला लावलं आणि निम्मं संपवलं. "बघा. मेले तर म्या इख घातलं आसं लिहा."

ती मेली नाही. तोंड पुसून बसून राहिली.

"मग सुनेला शौचाला काळं का होतं?"

"आता बया! ते काढ्यानं व्हय? रक्ताच्या गोळीनं हुतंय. बाळंतपणात म्या बी खाल्ल्या हुत्या. आमचा बसू तिला रोज देतोय की, पूजा झाली की. म्या म्हनलं, चांगलं हाय, रक्त वाढंल."

अर्पिताबाईंनी उपकेंद्राची वाट विचारली.

उपकेंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. मथुराबाई सिस्टर तिथं लसीचा डबा भरत होत्या.

"बसवेश? लई काळजीवाला! दर महिन्याला चार पाकिटं नेतो. बायको सारखी विसरते म्हणाला, भरपाईला जास्त लागतात."

"विसरली तर काय करायचं, हे सांगितलं होतं?"

"दोनदा सांगितलं. एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, अन् त्या दिवशीची तिच्या वेळेला. एका दिवशी दोन गेल्या तरी बिघडत न्हाय, फार तर मळमळतं. सलग जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवायच्या, आठवडाभर निरोध वापरायचा, अन् मला भेटायचं."

"पाकीट दाखवा बरं एक."

मथुराबाईंनी पाकीट हातात दिलं. तीन ओळी पांढऱ्या, चौथी तपकिरी.

"पांढऱ्या औषधाच्या. तपकिरी नुसत्या लोहाच्या. पाळीच्या दिवसांत रोजची सवय मोडू नये म्हणून दिलेल्या."

संध्याकाळी अर्पिताबाई वॉर्डात परत आल्या. शांताक्का, मल्लिनाथ, बसवेश, सगळ्यांना त्यांनी खाटेभोवती उभं केलं.

"बसवेश, गाडीची चावी द्या."

"कशाला?"

"द्या."

हवालदार चावी घेऊन खाली गेला. अर्पिताबाईंनी सिस्टरचं पाकीट चादरीवर ठेवलं.

"शिवरंजनी, यातली कुठली घेत होतीस?"

तिनं तपकिरी ओळीवर बोट ठेवलं. "पयल्यांदा पांढऱ्याच घेत हुते. ती एक चुकली तवापासून ह्या. हे म्हणाले, एकदा खाडा झाला की पांढऱ्या चालत न्हायत, तपकिरी जोरकस अस्त्यात."

मल्लिनाथचा हात बसवेशच्या खांद्यावरून हळूच निघाला.

"तिची चूक लहानशी होती," अर्पिताबाई म्हणाल्या. "पण ती घाबरली, आणि त्या भीतीचा तुम्ही फायदा घेतलात. तपकिरी गोळीत गर्भ अडवायचं औषध नसतं, नुसतं लोह असतं. काळं होत होतं ते त्यानं. एका पाकिटात तपकिरी ओळ एकच, म्हणून महिना भागवायला चार पाकिटं. सिस्टरना सांगितलंत, ती सारखी विसरते. ती म्हणते, जन्मात एकदाच चुकली. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होतं. आणि डॉक्टरांकडं खोटं बोलून तिला काय मिळणार होतं?"

हवालदार वर आला. गाडीच्या डिकीत पिशवी सापडली होती. तिच्यातली पाकिटं त्यानं खाटेवर ओतली. सगळ्या पाकिटांतली तपकिरी ओळ रिकामी, पांढऱ्या गोळ्या जशाच्या तशा. गावात टाकली असती तर कुणीतरी उचलली असती, म्हणून ती तिथंच साठत गेली होती.

बसवेशनं हात जोडले. "जीव घ्यायचा न्हवता ओ. डॉक्टर उगंच भ्या घालत्यात वाटलं. पोरगा झाला की अव्वाचं तोंड बंद झालं असतं. भावकी इचारायची थांबली असती."

"माझं नाव घिऊ नगंस!" शांताक्का पुढं आली. "म्या नातू मागितला, तिचं मढं न्हाय मागितलं. अन् ह्या तोंडानं तू माझ्या काढ्याचं नाव घेतलंस?"

तेवढ्यात वॉर्डातली नर्स औषधांची ट्रॉली ढकलत आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"शिवरंजनी? रक्त फार गेलंय, ही लोहाची गोळी घ्या."

तळहातावर गोळी होती, तपकिरी. आणि बसवेशनं रोजच्या सवयीनं उशाचा तांब्या उचलला.

शिवरंजनी अंग चोरून मागं सरकली.

"पाकीट दाखवा," ती नर्सला म्हणाली.

नर्सनं दाखवलं. तिनं ते दिव्याकडं धरलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावला, बसवेशच्या हातातला तांब्या काढून घेतला, स्वतः पाणी ओतलं आणि गोळी गिळली.

"मॅडम," ती म्हणाली, "आता माझा जबाब लिहा. अन् माझी पोरगी अजून त्या घरात हाय. आधी तिला आणा."