उलटा टांगलेला कोट

"दोन बुदँ द्या. गरम. जरा जाड बघून."

दारातून आत आलेला तो माणूस एवढंच म्हणाला आणि आमच्या हॉटेलातले सगळे हात जागच्या जागी थांबले.

शुक्रवार होता. ईस्टरआधीचे उपास चालू होते; त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पाण्यातलं तेवढं चालतं. बाहेर पाऊस असा कोसळत होता, की रस्ता कुठे संपतो आणि भाताची खाचरं कुठे सुरू होतात तेच कळत नव्हतं. आत लोक उकडलेल्या क्रॉफिशच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या जाड झिंग्यांच्या, राशीत कोपरापर्यंत बुडालेले... आणि हा पठ्ठ्या, केसांतून पाणी निथळत, भर शुक्रवारी बुदँ, म्हणजे डुकराचं मांस आणि भात भरलेलं सॉसेज, मागत होता! तेही माझ्या आईच्या हॉटेलात, जिथे मारियामातेची तसबीर भटारखान्याच्या खिडकीपेक्षा मोठी आहे.

"अहो," मी काउंटरवरून वाकून हळूच विचारलं, "आज वार कोणता?"

"मंगळवार... ना?"

कोपऱ्यातल्या टेबलावर क्लोव्हिसकाका खो खो हसायला लागले. काका अ‍ॅकॉर्डियन वाजवतात, आणि वाजवत नसतात तेव्हा आमच्याकडे कॉफी पितात.

"शुक्रवार आहे," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "समुद्रात तेलविहिरीवर असतो हो मी. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तिथे सगळे वार सारखेच दिसतात."

"तिथे दिसत असतील. इथे पाप लागतं. आणि वाढणारीला दुप्पट."

"मग मला काय मिळेल..." तो थांबला, मिशीतल्या मिशीत हसला, "पापाशिवाय?"

बाई गं! त्याला मिशी नव्हती खरं तर. पण हसला तसाच.

मी त्याच्यापुढे भात आणि त्यावर क्रॉफिशचं एतूफे ठेवलं. लोणी, कांदा, ढोबळी मिरची आणि आईचा हात. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हे पापाशिवाय आहे? नक्की?" त्याने विचारलं.

मी ट्रे उचलून आत गेले आणि आत जाऊन उगाचच कांदे चिरायला बसले. आईने एकदा कांद्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एवढे कांदे कुणाच्या लग्नाला?" म्हणाली.

त्याचं नाव ज्यूड मेलान्सॉन. गिरणीच्या रस्त्यावर नवीनच राहायला आलेल्या वर्नाबाईंचा धाकटा. ही माहिती मी काढली नाही हं. क्लोव्हिसकाकांनी न विचारता पुरवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरवली.

मग तो घरी असला की रोज यायला लागला. सकाळी बुदँ आणि कॉफी, दुपारी जे असेल ते. दर खेपेला दारातून विचारायचा, "आज वार कोणता गं?" आणि मी दर खेपेला चुकीचा वार सांगायचे. 'अहो' कधी गेलं आणि 'अरे' कधी आलं, आम्हां दोघांनाही कळलं नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. गंबो म्हणजे आमचा दाट रस्सा, भातावर घेतात; ज्यूड बटाट्याचं सॅलड सरळ त्या गंबोच्या वाडग्यात टाकायचा. अख्खा गोळा. ढवळायचासुद्धा!

"हे काय करतोस? बाजूला बशी दिलीय ना?" मी ओरडायचे.

"आमच्या घरी असंच खातात."

"तुमच्या घरी मुलगी द्यायला नको कुणी."

"कुणी नको," तो वाडग्यात बघत म्हणायचा, "एकीनेच यायचंय."

असं बोलून झालं की तो चमचा चाटण्यात गुंग व्हायचा, आणि मी टेबल पुसायचे. स्वच्छ टेबल. पुन्हा पुन्हा. तो समुद्रावर गेला की ते दोन आठवडे काही केल्या सरत नसत. मी सगळ्यांवर खेकसायचे. काका म्हणायचे, "पोरीचा मीठ-मिरचीचा हात बिघडलाय." खोटं नव्हतं ते. मला तो आवडत होता, भयंकर आवडत होता. फक्त ते मी त्याला सोडून सगळ्या जगाला कळू दिलं होतं.

नोव्हेंबरात पहिली थंडी पडली, आणि थंडीबरोबर पाऊसही आला. त्या दुपारी ज्यूड चिंब भिजून आला. कोट दाराजवळच्या खुंटीला टांगून काउंटरशी उभा राहिला. वार विचारला नाही.

"अझेली... एक विचारायचंय."

"विचार की."

"कंपनी मला अलास्काला पाठवतेय. तीन वर्षांसाठी."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. "अलास्का? तुला इथल्या नोव्हेंबरात हुडहुडी भरते. तिथे गोठून काठी होशील!"

"तेच तर. म्हणून तुला विचारतोय." तो काउंटरवरची मिठाची बाटली उगाच फिरवत होता. "जाऊ? का... नको?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी दार ढकलून ओरडलं, की क्लोव्हिसकाकांची गाडी घसरून चरात गेली, चार माणसं पाहिजेत. ज्यूड वळला, पुन्हा माझ्याकडे फिरला.

"आलोच मी. तोवर विचार कर. आणि उत्तर तुझं पाहिजे हं, तुझ्या आईचं नको."

कोट आधीच ओला होता, म्हणून तो तसाच शर्टावर पावसात धावला.

विचार कसला करायचा? माझं उत्तर केव्हाच तयार होतं. नको, नको, नको जाऊस! मला इतकं हलकं वाटत होतं, की काय करू नि काय नको. मी त्याचा कोट काढला. जाड अस्तराचा, आतून पार भिजलेला. अस्तर आधी वाळावं म्हणून तो उलटा केला आणि चुलीपाशी धरला. "ते बोचकं माझ्या पातेल्यांपासून लांब ने!" आई कडाडली. मग तसाच नेऊन परत खुंटीला अडकवला, आणि आत येऊन त्याच्यासाठी कॉफी गाळायला घेतली. गाळता गाळता वाक्य जुळवत होते. एकदम म्हणावं का? की थोडं ताणावं?

मग कप घेऊन बाहेर आले तर ज्यूड कोटासमोर उभा होता, मागे दारात क्लोव्हिसकाका. गुडघ्यापर्यंत चिखल. हॉटेलातले सगळे आपापल्या ताटात बघत होते.

"बरं," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. "कळलं मला."

"काय कळलं? कॉफी—"

"नको." त्याने कोट खुंटीवरून काढला, तसाच उलटा अंगात घातला, आणि गेला. बाहेर. पावसात. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता मला सांगा, मी काय समजायचं? विचारायचं, आणि उत्तर ऐकायलाही थांबायचं नाही! म्हणजे जायचंच होतं स्वारीला. विचारलं ते नुसतं रीत म्हणून. मला असा राग आला की बस. गेला उडत, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला नाही. मी का करू? रात्री उशीत तोंड खुपसून रडले ते वेगळं.

शनिवार उजाडला. शनिवारी आमच्याकडे गावभरची माणसं गंबोला येतात, म्हणून सकाळपासून मी मोठ्या बिडाच्या भांड्यात रू ढवळत होते. पीठ आणि तेल, बस. पण मंद आचेवर पाऊण तास पळी फिरत राहिली पाहिजे, तेव्हा कुठे तो चॉकलेटी रंग येतो, आणि त्या रंगाशिवाय गंबो म्हणजे नुसतं पाणी. हात जरा थांबला, की काळे ठिपके. मग अख्खं भांडं फेकायचं. आमच्याकडे घराला आग लागली तरी रू ढवळणाऱ्या बाईला लोक आधी विचारतात, "झालं का गं?"

क्लोव्हिसकाका भटारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातात टोपी. चेहरा मयताला आल्यासारखा.

"पोरी, राग मानू नकोस. पण चांगला मुलगा होता गं. का नाही म्हणालीस?"

"मी? मी नाही म्हणाले? तोच माझं न ऐकता निघून गेला!"

"ऐकायचं काय उरलं होतं? तू त्याचा कोट उलटा करून टांगलास. भर हॉटेलात."

"मग? ओला होता तो!"

काकांच्या हातातली टोपी खाली पडली. "ओला... होता?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

उलटा कोट! आमच्याकडे मुलीला मागणी घालायला आलेला मुलगा पसंत नसला, की ती तोंडाने काही बोलत नसे. त्याचा कोट उलटा करून खुंटीला टांगायची. मुलाने समजायचं, उचलायचं, चालू लागायचं. हे मी काय आज ऐकत होते? माझ्या आजोबांचा कोट आजीच्या थोरल्या बहिणीने उलटा टांगला होता, म्हणून तर ते आजीच्या वाट्याला आले!

"देवा रे देवा!" मी किंचाळले. हात मात्र ढवळतच होता. "अहो, माझ्या डोक्यात तेव्हा नुसतं अस्तर होतं हो! तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत आणि एकानेही मला सांगितलं नाही?"

"अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं, पोरी. आम्ही मर्यादा पाळली."

"आग लागो त्या मर्यादेला! कुठे आहे तो?"

"विमान आहे ना त्याचं आज. वर्ना म्हणत होती, सकाळीच निघणार म्हणून. एव्हाना..."

मी भांड्याकडे पाहिलं. रू बदामी होऊन तपकिरीकडे झुकत होता. अगदी नेमक्या जागी. आणखी वीस मिनिटं. वीस मिनिटांत तो गेला असता, आणि गेला तो तीन वर्षांसाठी गेला असता, मनात हे धरून की मी त्याला चारचौघांत झिडकारलं.

मी पळाले.

"अझेली!" मागून आईची हाक. "रू!"

"जळू दे!"

गिरणीचा रस्ता मी कसा कापला, मला विचारू नका. ज्यूडच्या गाडीचं इंजिन चालू होतं. वर्नाबाई पायरीवर डोळे पुसत होत्या. तो बॅग मागे टाकत होता, आणि मी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. दम लागलेला, अंगावर अ‍ॅप्रन, हातात पळी. पळी टाकायचं सुचलंच नव्हतं मला.

"तो कोट ओला होता!" मी म्हटलं.

"काय?"

"ओला! अस्तर! वाळावं म्हणून उलटा केला! मी मूर्ख आहे, ज्यूड, पण नाही म्हणणारी मूर्ख नाही! आणि तू... तू तरी विचारायचंस ना रे एकदा!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पळीकडे. तिच्या टोकावरून तपकिरी थेंब त्याच्या बुटावर पडत होते.

"तू... रू सोडून आलीस?"

"हो."

"चुलीवर?"

"हो!"

"शनिवारचा?"

"अरे हो! जळला असेल एव्हाना. जळू दे. तू जाऊ नकोस. त्या दिवशी हेच सांगायला कॉफी घेऊन आले होते मी. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता कळलं? का अजून काही टांगून दाखवू?"

पायरीवर वर्नाबाई एकदम म्हणाल्या, "ज्यूड, गाडी बंद कर. पेट्रोल जळतंय."

त्याने गाडी बंद केली. किल्ली दोनदा निसटली त्याच्या हातून. मग त्याने फोन काढला, कुणाशी तरी बोलला, दोनच वाक्यं. "मी येत नाहीये. नाही, तब्येत उत्तम आहे." आणि मग माझा पिठाने माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरून... ते राहू दे. वर्नाबाईंनी तोंड फिरवलं, एवढं सांगते.

हॉटेलात परतलो तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या. धूर. करपलेल्या पिठाचा वास पार रस्त्यापर्यंत. बाहेर गंबोसाठी रांग लागलेली, आणि रांगेतला एकही माणूस कुरकुरत नव्हता. सगळे आमच्याकडे बघून हसत होते. काकांनी एव्हाना सगळ्यांना सगळं सांगितलं असणार. आता मात्र मर्यादा आडवी आली नाही!

आई भटारखान्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. करपलेलं भांडं घासून पुन्हा चुलीवर चढवलेलं. तिने मला पाहिलं, ज्यूडला पाहिलं, आमचे गुंतलेले हात पाहिले. ज्यूडने माझा हात पटकन सोडला.

"गंबोत बटाटा कालवणारा तूच ना?" आई म्हणाली.

"हो... म्हणजे... सोडून देईन हवं तर."

"सोडू नकोस. बाजूला बसून खात जा." तिने पिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला, आणि माझ्या हातातली पळी काढून त्याच्या हातात दिली. आजवर त्या भांड्यापाशी आईने मला सोडून कुणालाही उभं केलं नव्हतं, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही.

"तेल तापलंय. पीठ घाल आणि ढवळायला लाग," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, एकदा सुरू केलं की इथून हलायचं नाही."

ज्यूडने पीठ ओतलं, पळी फिरवली, आणि ढवळता ढवळता माझ्याकडे पाहिलं.

"मला कुठे जायचंय?" तो म्हणाला.