एकतिसावं साक्षीयंत्र

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ वसलेल्या शिखरवाडीत, खंडेनवमीच्या दुपारी, जालप्रमुख चारुलता डांगेनं भिंतीवरच्या पटलाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एकतीस हिरव्या दिव्यांपैकी तीस विझले होते.

"किती वेळा सांगितलं! नऊ दिवस घसा कोरडा केला मी!"

खोलीत वस्तीप्रमुख डॉ. सबनीस तेवढे होते. त्यांच्या घरचा दिवाही विझलेल्यांतच होता, त्यामुळे ते चष्मा पुसू लागले.

शिखरवाडीत हवा मिळे ती प्राणमुद्रा नावाचं चलन मोजून. ही नोंद कुणा एकाच्या हाती नको, म्हणून एकतीस घरांतली साक्षीयंत्रं मिळून ती ठेवत; प्रत्येकाच्या साक्षीला सारखंच वजन. साक्षीची आज्ञावली यंत्रात एका बंद डब्यात राही, म्हणजे घरातल्या इतर भानगडी तिच्यात मिसळत नसत. हा डबा बदलायचा होता. चारुलतानं घटस्थापनेपासून रोज तीन-चार घरांची पाळी लावली होती, आणि स्वतःची सर्वांत शेवटी, दसऱ्याला. सगळे "हो हो, करतो की" म्हणत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी! खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पूजायची आणि दिवसभर स्वस्थ ठेवायची. यंत्र बंद ठेवायचंच आहे तर डबाही आजच बदलू, हे शहाणपण तीसही घरांना एकदमच सुचलं होतं.

जुना डबा काढून सगळे मोकळे झाले. नवा यायचा तो पृथ्वीवरच्या साठ्यातून, एका चिंचोळ्या वाटेनं. एकेकाला दहा मिनिटं लागली असती, तीस जणांनी एकदम ओढल्यावर पाच तास.

"वस्तीत हवेचा साठा आहे," सबनीस चाचरत म्हणाले. "पाच तास नोंद झाली नाही तर काय बिघडलं?"

"उल्हास बाहेर आहे, सर. खाणीच्या चौकीवर. त्याच्या टाकीत सत्तर मिनिटांची हवा उरलीय आणि घरी यायला अडीच तास लागतात. नोंद पक्की झाल्याशिवाय चौकीचा नळ उघडत नाही, आणि ती पक्की व्हायला दोन तृतीयांश वजनाची साक्ष लागते. माझं वजन एकतिसावा भाग!"

"हातानं उघडता येत नाही?"

"हात लागेल असा नळ नको, चोऱ्या होतील, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मग लोकांना जुना डबा परत बसवायला सांगू."

"मागच्या नोंदी जुळवण्यातच दोन तास जातील. आणि सांगणार कसं? फोनसुद्धा पूजेत मांडलेत! बंद करून, वर झेंडूचं फूल!"

बिनतारी यंत्रावर तिच्या नवऱ्याचा आवाज खरखरला. "अगं, नळ उघडत नाहीये. तिकडे झोपलात काय सगळे?"

"बोलू नकोस, उल्हास. हवा जपून वापर."

"बावीस वर्षं हेच ऐकतोय," असं म्हणून तो गप्प झाला. चारुलताला रडू आवरेना.

"एकच वाट आहे," डोळे पुसत ती म्हणाली. "माझ्या यंत्रात अजून जुनाच डबा आहे, त्यातला क्षयनियम. जाळं अडलं की दर दहा मिनिटांनी गैरहजर यंत्रांचं वजन निम्मं होतं. सहा वेळा निम्मं झालं, की तीस जणांचं मिळून माझ्या निम्म्याहूनही कमी उरतं. मग मी एकटी दोन तृतीयांश भरते."

"म्हणजे साठ मिनिटं. बरं झालं, असा नियम आहे!"

"बरं झालं? तो काढून टाकायलाच नवा डबा केलाय मी! एक दिवस सगळी वस्ती एकाच्याच मुठीत जाईल, म्हणून तीन बैठकांत ओरडले होते!"

तासभर दोघं पटलासमोर बसून राहिली. सबनीसांनी चहा विचारला, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली. सहाव्यांदा आकडे निम्मे झाले आणि तिच्या यंत्राचं वजन अडुसष्ट टक्के दिसलं. नोंद पक्की झाली. पलीकडून हवा सुटल्याचा फुसकारा आला आणि उल्हास म्हणाला, "आता बोलू का?"

ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"सुटलो!" सबनीस म्हणाले. "आता नवे डबे चढले की झालं पहिल्यासारखं."

"नाही, सर. नव्या डब्याला क्षयनियम माहीतच नाही. त्याच्या लेखी ही नोंद खोटी, म्हणजे उल्हासला मिळालेली हवाही खोटी. वजन माझ्याकडे आहे, तेव्हा माझा डबा तोच खरा. तीसही जणांना जुनाच परत बसवावा लागेल."

"आणि त्यांचं वजन?"

"दोन तृतीयांशांनी मंजूर केलं तर परत मिळेल." ती थबकली. "म्हणजे मी केलं तर."

तीस घरांपैकी तिनं पहिला फोन लावला तो खोतांना. घटस्थापनेपासून त्यांनी तिचा एकही फोन उचलला नव्हता. एव्हाना पूजा उरकून लोकांनी फोन सुरू केले होते आणि घरोघरच्या पटलांवर वजनांचे आकडे पाहिले होते.

पहिल्याच घंटीला खोतांनी फोन उचलला. "बोला बाई," ते अदबीनं म्हणाले, "काय करायचं ते फक्त सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

चारुलताच्या अंगावर काटा आला.