तिसऱ्या माइकवरचा आवाज

आमच्या गायकवृंदात तीस जण आणि काकू. असं मोजायची सवय मीच सगळ्यांना लावली, याची आज लाज वाटते.

आई गेल्यावर मला काकूनं वाढवलं. पहिला सूरही तिनंच घोटून घेतला. सत्तरीनंतर मात्र तिच्या आवाजाला चीर गेली होती. एका जुन्या साध्वीच्या कवितेला मी वृंदासाठी चाल लावली होती. ‘माझा कंठ घे, देवा, आता तूच गा.’ हॉल आम्हाला एकाच दुपारपुरता मिळाला होता. रेकॉर्डिंगच्या आधी, सगळ्यांसमोर, मी म्हणालो, “काकू, तू नुसते ओठ हलव.”

“बरं,” ती म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो.

पहिल्यांदा गाऊन झाल्यावर रेकॉर्डिस्टनं मला काचेआड बोलावलं. हेडफोन पुढे केला. “तिसरा माइक ऐका. दुसऱ्या रांगेचा.”

त्या रांगेत काकू धरून दहा जण खांद्याला खांदा लावून उभे होते. माइकवर एकच बाई गात होती. स्वच्छ, तरुण आवाज. श्वासाच्या जागा मी प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करून दिल्या होत्या. त्यातल्या एकाही जागी ती श्वास घेत नव्हती.

“केबल बघितलीस?”

“दोनदा. तुमच्या काकूंना जरा सरकवून बघू या का?”

काकूला पहिल्या माइकपाशी उभं केलं. आता तो आवाज पहिल्या माइकवर आला, आणि तिच्या शेजारचे सगळे तिथून पुसले गेले. मी समोरून तिच्यावर नजर ठेवून होतो. हॉलमध्ये तिचा आवाज कुठेच नव्हता.

तेव्हाच तिची माफी मागायला हवी होती. जीभ रेटली नाही. चारचौघांत माझंच हसं होईल, एवढंच डोक्यात होतं.

“काकू, तू जरा बाहेर बस.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. तिनं पर्स उचलली, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दार मीच लोटलं.

मी हात उचलला. तीस तोंडं उघडली.

काहीच ऐकू आलं नाही.

गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. कागद उलटत होते. काचेआड रेकॉर्डिस्ट हेडफोन कानांवर दाबून धरत होता.

थांबवायला हवं होतं. पण थांबवून सांगणार काय? मी शेवटच्या ओळीपर्यंत ताल देत राहिलो.

दार किलकिलं झालं. काकूचे डोळे भरून आले होते.

“बाहेर ऐकलं मी. आता कसं एका सुरात लागलं बघ,” ती म्हणाली. “माझीच अडचण होत होती रे.”

“नाही गं काकू. चुकलं माझं.”

“काय म्हणालास?”

मी पुन्हा म्हणालो. या वेळी जीव तोडून. नुसते ओठ हलले.

ती दोन पावलं आत आली, माझ्या तोंडाशी कान आणला आणि वाट बघत उभी राहिली.