कापलेल्या तारेतून

फायबर जोडणाऱ्यांची साधी रीत असते. एकाने या टोकाला लेझरचा लाल उजेड सोडायचा, दुसऱ्याने त्या टोकाला पोचला का ते सांगायचं. पोचला म्हणजे लाईन धड. यात चमत्कार काही नाही. आणि आमच्या घरात अंगारे-धुपाऱ्यांना कधीच जागा नव्हती, हेही आधीच सांगून टाकतो.

२००९चा मे महिना. टीव्ही, फोन, इंटरनेट एकाच तारेतून देणारी आमची कंपनी नवीन होती. कॅम्प पाच भागातल्या आमच्या ऑफिसपासून अंबरनाथच्या बुवापाड्यापर्यंतची लाईन सकाळपासून मेली होती. तिचं शेवटचं टोक माझ्या धाकट्या बहिणीच्या, मायाच्या घरात. तिचे दिवस भरत आलेले, दिवसभर घरात एकटी. पोट दुखायला लागलं तर कोणाला बोलवायला तो घरचा फोनच काय तो. मोबाईल एकच, तो नवऱ्याकडे. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिचा नवरा धम्मदीप माझ्याबरोबरच कामाला. तो ऑफिसच्या टोकाला थांबला. मी मायाच्या घरातून लेझर लावला आणि त्याला फोन केला.

"दाजी, उजेड येतोय का?"

"नाही दादा. काहीच नाही."

लेझर काढून खिशात टाकला. तारेचं टोक भिंतीशी तसंच मोकळं सोडलं.

"जेवून तरी जा," माया म्हणाली.

"आधी तुझा फोन. मग दोघंही येतो जेवायला."

लाईन धरून निघालो, तर वालधुनी नदीच्या पुलापाशी घोळ सापडला. पाइपासाठी खणताना कोणीतरी जेसीबीने केबल तोडली होती. दोन टोकांच्या मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा. चार शिव्या हासडल्या आणि धम्मदीपला फोन लावला.

"सापडलं दाजी! पार तुटलीय."

"तुटली कशी? लाल येत होतं की आत्ताच. लुकलुकत होतं."

"लेझर माझ्या खिशात आहे."

"मस्करी नका ना करू दादा. मला वाटलं तुम्हीच इशारा करताय. म्हणून मीपण इकडून लेझर लावून उत्तर दिलं."

"मग?"

"मग ते बंद झालं."

भर उन्हात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "तिथे थांबू नका," मी म्हटलं. "आधी इकडे या."

तो बाईकवरून आला. खड्ड्यात उतरला, दोन्ही टोकं हातात घेऊन बघितली. मग उठून वर आला.

"दादा, मग मी उत्तर दिलं कोणाला?"

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. नंबर मायाच्या घरचा होता. त्याच तारेवरचा.

मी फोन उचलला.

"दादा, चालू झाला बघ फोन!" माया खुशीत होती. "तू कुठे राहिलास? हे केव्हाचे येऊन बसलेत जेवायला."

धम्मदीप माझ्यासमोर उभा होता.

"माया," मी म्हटलं. "काही विचारू नकोस. शेजारी जा. आत्ताच्या आत्ता."

"अरे, कशी जाऊ? ह्यांनी दाराला आतून कुलूप लावलंय. म्हणतायत, आता दवाखान्यात जायची गरज नाही."