जॉनच्या लग्नाचं पाणी

हे खरं घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर थाप म्हणून सोडून द्या. पण त्या संध्याकाळी ज्या बायका विहिरीवर होत्या, त्यांतल्या एकीनंही मरेपर्यंत हे नाकारलं नाही.

साल १९५४. जानेवारीतला शनिवार. अंधेरीच्या पूर्वेला आम्हा ख्रिस्ती लोकांचं एक जुनं गावठाण होतं, तिथली गोष्ट.

माझी इनेझ मावशी गाण्यात पुढं असायची. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. मावशीचा आवाज असा खडा, की लांबलांबच्या वाड्यांतून तिला बोलावणं यायचं.

त्या दिवशी मात्र तिच्या घशातून सूर निघेना.

लग्न होतं जॉनचं, दगडखाणीच्या मालकाच्या एकुलत्या एका मुलाचं. आणि त्याच विहिरीत, नाताळच्या आधी, रत्नप्रभा बुडाली होती. कोकणातून आलेली पोर, जॉनच्याच घरी कामाला.

"पाय घसरला," सगळे म्हणाले.

पाय घसरला नव्हता. मावशीनं पाहिलं होतं.

लग्नाचं वचन देऊन जॉन फिरला होता. रत्नप्रभा फादरला जाऊन सांगते म्हणाली. विहिरीजवळच्या पेरूच्या झाडाआडून मावशीनं ते भांडण ऐकलं, जॉननं तिला ढकललेलं पाहिलं आणि ती नवऱ्याला, खाणीवर कामाला असलेल्या ऑगस्टीनला, बोलवायला धावली. दोघं परत आले तेव्हा पाणी शांत होतं.

"गप ऱ्हा," ऑगस्टीन म्हणाला. "खाण त्यांची, खोली त्यांची. पोरांना काय दगड खायला घालशील?"

मावशी गप्प राहिली. पण आता गोरेगावची व्हायोलेट त्या घरात नांदायला येणार होती. हसरी, भोळी पोर. तिला कोण सांगणार?

विहिरीवर बायकांतल्या ल्युसीनं घागर सोडली. दोर सरसर खाली गेला...

आवाजच आला नाही.

विहीर भरलेली होती. वाकलं की आपलं तोंड दिसावं इतकी. तरी डुबुक नाही की काही नाही.

घागर वर आली... कोरडी ठणठणीत.

"दोर आखूड पडला वाटतं गो," ल्युसी हसली. तिनं पुन्हा सोडली.

पुन्हा कोरडी.

वाजंत्री थांबली. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प झाले.

"गा ना इनेझ! थांबलीस काय?" जॉन ओरडला. नवरदेव पाण्याला येत नाही. हा आला होता. का, देव जाणे.

मावशीनं ओळ म्हटली. बायकांनी उचलली. मग सगळ्या थांबल्या...

आणि एक आवाज उरला.

खालून. बारीक. ओळ पुरी करूनच तो थांबला.

मावशीनं आवाज ओळखला. भांडी घासताना ती पोर अशीच गुणगुणायची.

भीती वाटायला हवी होती. पण मावशीला आला तो संताप. जॉनचा, ऑगस्टीनचा, स्वतःचाही. मेलेली पोर तोंड उघडते, आणि मी धडधाकट बाई दातखीळ बसल्यासारखी उभी!

तिनं पदर खोचला आणि त्याच चालीवर गायली,

"रत्ना नाही गो घसरली, जॉननं तिला ढकलली!"

बायकांनी सवयीनं ओळ उचलली. शब्द तोंडातून गेले, आणि मग अर्थ डोक्यात शिरला. पण आता काय उपयोग? सगळ्यांनी म्हटलं होतं, खणखणीत.

जॉन अंगावर धावून आला. "थोबाड फोडीन तुझं!"

"फोड," मावशी जागची हलली नाही. "किती जणींचं फोडशील?"

तेवढ्यात पुढची ओळ आली...

"कठडा धरला दोन्ही हातांनी, बोटांवर दिलास पाय!"

जॉन पांढराफटक पडला.

"खोटं! तेव्हा तिथं कुणीच नव्हतं!"

बोलून गेला, आणि मग त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

लग्न मोडलं. पोलीस आले. ऑगस्टीनचं काम गेलं, खोली गेली. दोघं पोरांना घेऊन दहिसरला गेले आणि कोंबड्या पाळून राहिले. "खोली काय, दुसरी मिळते," मावशी म्हणायची.

पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, "मावशी, तू तर ढकलल्याबरोबर धावलीस. मग बोटांवर पाय दिल्याचं तुला कसं कळलं?"

"ती ओळ मी नाही म्हटली."

"पण बायका तर म्हणतात, तुझंच तोंड हलत होतं..."

"हललं असेल."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही हे लिहिताना येतोय. मी विषय बदलायला गेले, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"दुसरी कुणाची, मला ठाऊक नाही. पण पहिली माझी गो. ती माझ्या तोंडून कुणी वदवली नाही. ती मीच म्हटली."