पिवळ्या शर्टाचा लोहार

"तलवार फुटली," लोहारानं लिहिलं आणि पुढे एक रडका चेहरा टाकला. फक्त एक!

सात महिने ऑनलाइन खेळातल्या गुहेत मरत मरत मी तारालोखंडाचे बारा तुकडे जमवले होते. ऐरणीवर एक ठोका पडला, पडद्यावर राखाडी धूर आला... संपलं. त्या सकाळी आमच्या शहराजवळच्या मिस्ती डोंगरावर बर्फ पडलं होतं. डोंगर पांढरा झाला की आम्हा आरेकिपाकरांचं डोकं फिरतं, त्याला आम्ही नेवादा म्हणतो. पण खरं सांगते, डोंगर कोरडा असता तरी मी त्या दिवशी कोणाला तरी बदडलंच असतं. कारण मी मनाशी ठरवलं होतं, तलवार झाली की या लोहाराला भेटायला बोलवायचं. तो माझ्याच शहरातला, एवढंच मला ठाऊक होतं.

घरचं इंटरनेट बंद, म्हणून मी दोन्या एउलालियाच्या, म्हणजे एउलालियाबाईंच्या, कॅफेत खेळत होते. रागानं खुर्ची मागे ढकलून उभी राहिले... आणि समोर, नऊ नंबरच्या मशीनवर, हळदीसारखा पिवळाधमक शर्ट दिसला.

काल लोहारानंच लिहिलं होतं, "उद्या पिवळा शर्ट घालून ठोकतो, नशीब वाढतं." पिवळं आम्ही नव्या वर्षाला घालतो. फेब्रुवारीत ते घालून बसणारा गाढव शहरात एकच असणार.

"लोहार!" मी ओरडले.

त्यानं दचकून मान वळवली. काळेभोर डोळे, हेडफोन कानावरून घसरलेला. "रो... रोकोतो?"

रोकोतो म्हणजे आमच्याकडची जाडजूड जहाल मिरची. खेळात माझं नाव तेच.

"हो, तीच. आकडे दाखव तुझे!"

"आधी बस तरी. नेवादा चढलीय तुला."

"डोंगराला मध्ये आणू नकोस! कसब किती, नशीब किती, दाखव!"

त्यानं दोन्ही हातांनी पडदा झाकला. लांब बोटं, नखांत सायकलचं काळं ग्रीस... रागातही मला ते दिसलं, आणि दिसलं म्हणून आणखी राग आला.

आमच्या खेळात मिळालेले गुण ताकद, जीव, कसब आणि नशीब यांत वाटायचे असतात. लोहारानं कसब आणि नशीब भरायचं, नाहीतर ऐरणीकडे फिरकायचं नाही. एकदा वाटलेले गुण बदलायची संधीही एकदाच मिळते. मी त्याचे हात बाजूला केले. कसब एक. नशीब एक. जीव नव्याण्णव!

"अरे, एवढ्या कसबात चमचा होत नाही! नावाजलेला लोहार ना तू? कुठे घालवलंस सगळं?"

"बदललं... नोव्हेंबरमध्ये."

"का?"

तो कीबोर्डकडे बघत राहिला. "तू गुहेत सरळ घुसायचीस आणि मरायचीस. मला बघवेना. म्हणून सगळं जीवात टाकलं – तुझ्या पुढे उभं राहता यावं म्हणून. तेव्हापासून तू एकदाही मेली नाहीस. आठवून बघ."

मी आठवून बघितलं. खरंच, एकदाही नाही. प्रत्येक फटका त्या जाड्या लोहारानं झेलला होता, आणि मला वाटत होतं, मीच शूर झाले! माझा पारा आणखी चढला.

"मग तुकडे घेतलेस कशाला? तोंड उघडून सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या लोहाराकडे गेली असतीस. आणि मग... त्याच्याबरोबरच हिंडली असतीस."

"म्हणून फसवलंस?"

"शर्टावर भरवसा होता माझा," तो पुटपुटला.

"मिलुस्का!" दोन्या काउंटरवरून गरजल्या. "भांडायचं तर रस्त्यावर जा, नाहीतर सरळ लग्न करा!"

सगळं कॅफे हसलं. मी मात्र हसले नाही. त्याच्या शेजारच्या मशीनवर बसले, माझी योद्धी उघडली आणि तिचे सगळे गुण काढून घेतले. ताकद नाही, जीव नाही. सगळं कसबात आणि नशिबात.

"ए, काय करतेस? एका फटक्यात मरशील!"

"कळतंय मला. आता लोहार मी. तलवार मी घडवणार. तू पुढे उभा राहून मार खायचास."

"पण लोखंड जमवायला पुन्हा सात महिने..."

"मग? तुला दुसरं काम आहे?"

"नाही," तो घाईघाईनं म्हणाला. मग हळूच, "राग गेला?"

"नाही! मला तू आवडतोस, मूर्खा, म्हणून तर जात नाहीये! आणि पुन्हा खोटं बोललास तर त्या तलवारीनं पहिलं तुलाच कापीन."

तो कानापर्यंत लाल झाला. पडद्यावर खेळानं विचारलं, 'नक्की? हे पुन्हा बदलता येणार नाही.'

"विचार कर... मिलुस्का," तो म्हणाला. माझं खरं नाव त्यानं आत्ताच ऐकलं होतं, आणि किती जपून उच्चारलं!

"आधी तुझं नाव सांग."

"विल्मर."

मी 'हो'चं बटण इतक्या जोरात दाबलं की दोन्या पुन्हा ओरडल्या.